शेवटच्या कडव्यातलं नाव

गेले आठ दिवस मच्छिंद्र धावारेला एक ओळ आठवत नव्हती, आणि त्या ओळीपायी माणूस अर्धा झाला होता. वय एकसष्ट. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेला, धाराशिवात दोन खोल्यांचं घर आणि जिल्ह्यात नाव असं, की जयंतीच्या दिवसांत कुठल्याही गावच्या कमानीखाली उभं राहावं तर कानावर त्याचाच आवाज यायचा. ‘खडी फोडली मायनं माझ्या, वाट झाली शाळंची.’ हे गाणं येत नाही असा माणूस वाशीपासून उमरग्यापर्यंत शोधून सापडायचा नाही. आता तर पोरांनी त्याला डीजेचा ठोकाही लावलाय. पण गाणं तेच आणि शेवटच्या कडव्यातलं नावही तेच.

‘मच्छिंद्र सांगे लेकरांनो, जाण ठेवा त्या येळंची.’

अडचण एवढीच होती, की गाणं मच्छिंद्रचं नव्हतं.

ही गोष्ट चौतीस वर्षं त्याच्या पोटात होती आणि पोटातच राहिली असती. पण कॉलेजातल्या राजशेखर सरांनी जिल्ह्यातल्या गायन पार्ट्यांची गाणी गोळा करून पुस्तक काढायचं मनावर घेतलं. छापायला टाकण्याआधी एकदा नजरेखालून घाला, म्हणून त्यांनी मच्छिंद्रकडं त्याच्या गाण्याचं पान पाठवलं. वर ठळक अक्षरांत कवीचं नाव, खाली चार कडवी, आणि त्याखाली सरांनी पेनानं लिहिलेलं, की आपल्या आईंविषयी पाच-सहा ओळी लिहून द्याव्यात, त्या कुठल्या कामावर खडी फोडायला जात होत्या, तेवढं तरी.

मच्छिंद्रनं ते वाचून पान पालथं घातलं. त्याच्या आईनं जन्मात घण उचलला नव्हता. बाप रेल्वेत गँगमन, पगार महिन्याच्या महिन्याला, राहायला येडशीच्या स्टेशनाजवळ क्वार्टर. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या गाव खडीवर गेलं तेव्हाही ती घरात भाकरी थापत होती. खडी फोडली ती त्याच्या पार्टीतल्या बुद्धघोषच्या आईनं, आणि गाणं लिहिलं ते बुद्धघोषनं. इतकी वर्षं सत्काराला कुणी आईविषयी विचारलं की मच्छिंद्र मान खाली घालायचा आणि लोक समजायचे, गड्याला भरून आलं. मान खाली घालणं वेगळं आणि आपल्या हातानं लिहून देणं वेगळं. नाव घेताना आपण दुसऱ्याची आईसुद्धा घेतली, हे त्या दिवशी त्याला पहिल्यांदा धडधडीत दिसलं.

त्यानं सरांना फोन केला आणि सांगितलं, की गाणं माझं नाही, बुद्धघोष सरवदेचं आहे. सर भला माणूस. ते म्हणाले, आनंदानं नाव बदलतो; पण गाण्याच्या आत तुमचं नाव आहे त्याचं काय करू? मूळ कडवं द्या, नाहीतर त्यांची वही तरी दाखवा. सोमवारी पानं छापायला जातात.

सरांचं चुकलं नव्हतं. या गाण्यांची रीतच तशी आहे. कवी आपलं नाव गाण्याच्या वर लिहीत नाही, शेवटच्या कडव्यात ओवतो. मग ते गाणं कुठल्या का पार्टीनं म्हणेना, तेवढं नाव घ्यावंच लागतं. कुणी नाव गाळलं तर समोरची पार्टी भर मंडपात उठून विचारायची, की बाबांनो, हे लेकरू कुणाचं? नाव गाळायची एवढी लाज, तर नाव बदलणाऱ्याला काय म्हणायचं? त्याला शब्दच नव्हता. तसं कुणी केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

तर मूळ कडवं हवं होतं. आणि मच्छिंद्रला ते आठवत नव्हतं.

सगळं आठवत होतं, हीच तर मौज. पार्टीचं नाव पंचशील आणि माणसं चार. पाचवा कोण असं कुणी विचारलं की ढोलकीवाला बलभीम पेटीकडं बोट दाखवायचा. पेटीवर आणि गळ्यावर मच्छिंद्र. बेंजोवर शिवशरण, शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करणारा, बोटं अशी की बेंजोच्या पट्ट्यांवर पाऊस पडायचा. आणि मागं झांज घेऊन बुद्धघोष. त्याचा बाप छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, म्हणून पोराचं नाव असं भारदस्त. पार्टीत मात्र त्याला सगळे घोष्याच म्हणायचे. आवाज फाटका, पण गाणी सगळी त्याची. तालमीला जागा नव्हती, म्हणून मच्छिंद्रच्या बापानं स्टेशनमास्तरांना गळ घातली. छोट्या रुळांची गाडी, दिवसातून चार वेळा यायची. मास्तर म्हणाले, गाडी नसेल तेव्हा फलाटावर वाजवा, घंटा झाली की गप बसा. तिथं फलाटावर गाणी बसायची. अर्ध्या कडव्यात घंटा व्हायची आणि गाडी जाईपर्यंत चौघं तोंडं मिटून बसायचे, आणि गाडी हलली की बलभीम नेमका सोडल्या मात्रेवर थाप मारायचा. उतारू हसत हसत जायचे.

कार्यक्रमाला सायकलीवर जायचं. पेटी मच्छिंद्रच्या कॅरिअरला, तिच्या भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. तेरखेड्याला गेले तेव्हा लोकांनी प्रत्येक गाण्यागणिक फटाक्यांची माळ लावली, आणि शिवशरण बेंजो पोटाशी धरून पळाला. जळकोटला जाताना दोन सायकली पंक्चर झाल्या, तर ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर बसून गेले आणि तोंड उसाच्या पाचटानं ओरबाडलेलं घेऊन गायले. कुणी बिदागी मागितली नाही, कुणी दिलीही नाही. पोटभर जेवायला मिळायचं आणि सकाळी गावातल्या बाया दारात थांबवून म्हणायच्या, पोरांनो, ते मायचं गाणं पुन्हा एकदा म्हणा.

हे एवढं सगळं डोक्यात जागच्या जागी होतं. गाण्याचा शेवटही होता. शेवटच्या कडव्याला ढोलकी बंद व्हायची, पेटीचा एकच सूर धरून मच्छिंद्र डोळे मिटायचा, आणि नावाची ओळ आली की उजवा हात मागं करून बुद्धघोषकडं दाखवायचा. सगळा मंडप वळून त्याच्याकडं बघायचा. आणि बुद्धघोष आपल्या झांजेत तोंड बघत बसायचा. तो हात आठवत होता, तो सूर आठवत होता, श्वास कुठं घ्यायचा तेही आठवत होतं. शब्द तेवढे नव्हते. त्यांच्या जागी येळंची येऊन बसली होती आणि ती काही केल्या उठत नव्हती.

बलभीम जाऊन नऊ वर्षं झाली. शिवशरण पुण्याला पोराकडं असतो, त्याला फोन लावला. तो बिचारा बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, की तुकडे समदे ध्यानात हायत, वाजवून दाखवतो. शब्द म्या कधी ऐकलेच न्हाईत. पार्टी ऐकलेल्या जुन्या माणसांना म्हणायला लावलं, तर तीही येळंचीच म्हणायची.

नाव बदललं ते सोलापुरात, एक्क्याण्णव साली. एका कंपनीनं कॅसेट काढायची ठरवली आणि पार्टीला बोलावलं. नेमकी त्याच आठवड्यात बुद्धघोषची आई दवाखान्यात पडली. तो तिच्या उशाशी बसला होता, त्यानंच तिघांना लावून दिलं. तिथं गाणं ऐकून कंपनीचा माणूस म्हणाला, की कव्हरवर फोटो तुमचा, नाव तुमचं, मग गाण्यात हा बुद्धघोष कोण? लोकांचा घोटाळा होतो, तुमचंच नाव घ्या. बलभीम खाली बघायला लागला. शिवशरण उगाच तारा पिळत बसला. मच्छिंद्रनं नाही म्हणायला हवं होतं, आणि नाही म्हटलं असतं तर त्या माणसानं काही हाकलून दिलं नसतं. पण मच्छिंद्रला लोभ सुटला. परिस्थिती, गरिबी, दबाव असली कारणं त्यानं पुढं स्वतःला बरीच सांगितली. त्यातलं एकही खरं नाही. आपलं नाव लाउडस्पीकरवर कसं वाजेल ते त्याला ऐकू आलं, आणि ते गोड वाटलं.

त्यानं दहा मिनिटं मागून घेतली. नुसतं नाव बदलून भागेना. बुद्धघोष म्हणायला लागते तेवढी जागा मच्छिंद्र भरत नव्हता, ओळ लंगडायची. म्हणून जिन्यात बसून त्यानं ते अख्खं कडवं नवीन केलं. जन्मात त्यानं स्वतः रचलेल्या तेवढ्याच दोन ओळी. आणि त्या इतक्या बेमालूम बसल्या, की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

कॅसेट एप्रिलात गावात आली. मच्छिंद्र आणि बुद्धघोष समाजमंदिराच्या कर्ण्याखाली उभे होते. बुद्धघोषची आई तोवर गेली होती. त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. आता हा काय बोलतो, शिव्या देतो का गचांडी धरतो, काही झालं तरी सोसायचं असं मच्छिंद्रनं ठरवलं होतं. बुद्धघोष एवढंच म्हणाला, “येळंची लई ग्वाड बसलंय.”

त्यानंतर तो आणखी दोन कार्यक्रमांना आला. झांज घेऊन मागं बसला. नावाची ओळ आली आणि सवयीनं मच्छिंद्रचा हात मागं जायला निघाला. मध्येच त्याच्या लक्षात आलं, तेव्हा तो हात त्यानं फिरवून आपल्या छातीवर ठेवला. तिसऱ्या कार्यक्रमाला बुद्धघोष आला नाही. पुढं त्यानं कधी गाणं लिहिलं नाही. एका शाळेत शिपाई म्हणून लागला, लग्न केलं, पोरगी झाली. मच्छिंद्र एसटीत लागला, पंचशीलची मच्छिंद्र धावारे आणि पार्टी झाली. आज सांगू, उद्या सांगू करता करता डोक्यावरचे केस गेले. दोन वर्षांमागं बुद्धघोषला लकवा मारल्याचं कळलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हाही मच्छिंद्रनं भेटायला जायचं टाळलं आणि कुणाकडून तरी निरोप धाडला. खरं तर त्याला हायसं वाटलं होतं. तेही त्यानं स्वतःशी कबूल केलं, पण आता, या पानाच्या निमित्तानं.

रविवारी सकाळी तो पेटी घेऊन येडशीला उतरला. पेटी नेण्यात त्याचा एक हिशोब होता. बुद्धघोषची वही असेल तर उत्तमच. नसेल तर समोर तो, हातात पेटी, तोच सूर, मग शब्द कुठं जातात?

बुद्धघोष पत्र्याच्या सावलीत बाजेवर टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेला म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. मच्छिंद्रला बघून त्याचं अर्धं तोंड हसलं. “ब… ब…” एवढाच आवाज आला. तो काहीतरी सांगू बघत होता, आणि डोळ्यांत राग म्हणाल तर टिपूसभर नव्हता. राग असता तर मच्छिंद्रला बरं वाटलं असतं.

मुक्ताबाईनं, म्हणजे बुद्धघोषच्या बायकोनं, चहा आणला. इतक्या मोठ्या माणसानं घरी यावं याचं तिला अप्रूप वाटत होतं. वहीचं विचारलं तर ती म्हणाली, की व्हत्या काय वह्या, पण माळवदाच्या घरात असतानाच वाळवी लागली, खरवडून बाहेर टाकल्या. पोरगी श्रावस्ती बार्शीच्या दवाखान्यात नर्स होती, सुट्टीला आलेली. तिनं सांगितलं, की डॉक्टर म्हणतात, बोलणं गेलं तरी गाणं जात नाही. बाबांना साधं पाणी मागता येत नाही, पण चाल लावून दिली की पाठ असलेलं गाणं पुरं म्हणतात. हे मच्छिंद्रला माहीत नव्हतं. म्हणजे ओळ जिवंत होती, समोर बाजेवर बसलेली होती.

त्यानं पेटी उघडली आणि सूर धरला. बुद्धघोषनं डोळे मिटले. आणि ज्या तोंडातून एक अक्षर फुटत नव्हतं, त्या तोंडातून फाटक्या आवाजात, पण एकही शब्द न अडता गाणं वाहायला लागलं. माय, घण, डोक्यावरची पाटी, दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी खाऊन शाळेला पळणारं पोर. मच्छिंद्रच्या डोळ्यांना धार लागली. शेवटचं कडवं आलं तसा त्यानं हात आखडता घेतला, एकच सूर धरला, आणि स्वतः गप्प राहिला.

‘मच्छिंद्र सांगे लेकरांनो,’ बुद्धघोष म्हणाला, ‘जाण ठेवा त्या येळंची.’

मच्छिंद्रनं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. पुन्हा तेच. मग त्याला वाटलं, आपण वाजवतोय कॅसेटसारखं. म्हणून त्यानं फलाटावर तालमीत वाजवायचा तसं, संथ, मधले तुकडे टाकून वाजवलं. बाजेच्या लाकडावर ढोलकीची थाप दिली, शेवटाला ती बंद केली. चौथ्यांदा, पाचव्यांदा. दर वेळी तिथं येऊन बुद्धघोष मच्छिंद्रचंच नाव घेत होता. चौतीस वर्षं जयंतीला, लग्नाला, एसटी स्टँडवर, टपरीवर त्यानंही तेच ऐकलं होतं. त्याच्याही डोक्यात आता दुसरं काही उरलं नव्हतं. म्हणजे ती ओळ आता जगात कुठंच नव्हती.

मुक्ताबाई कौतुकानं म्हणाली, “भावजी, आमच्या घरात रोज तुमचं नाव निघतंय बघा. ह्येन्ला दुसरं गाणंच नगं असतंय.”

मग मच्छिंद्रला राहवलं नाही. त्यानं पेटी बाजूला सारली आणि त्या दोघींना सगळं सांगितलं. गाणं कुणाचं, आई कुणाची, सोलापूरचा जिना, सगळं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. बोलून झाल्यावर छातीवरचा धोंडा उतरेल असं त्याला वाटलं होतं.

मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. तिचं लग्न कॅसेटनंतर चार वर्षांनी झालेलं. तिला एवढंच ठाऊक होतं, की नवरा जवानीत पार्टीत झांज वाजवायचा. “भावजी, तुमी लई मोठ्या मनाचे,” ती म्हणाली. “आजारी दोस्ताला बरं वाटावं म्हून आपलं गाणं त्याला द्याया आले. पर ह्येनी आमाला कधीच म्हनले न्हाईत, की गाणं माझं हाय. तीस वर्षांत एकदा तरी म्हनले नसते व्हय?”

मच्छिंद्र म्हणाला, की वहिनी, खडी तुमच्या सासूनं फोडली, माझ्या मायनं न्हाय. त्यावर ती म्हणाली, त्या दुष्काळात समद्याच बाया खडी फोडत व्हत्या.

श्रावस्तीही समजुतीच्या सुरात बोलली. दवाखान्यात तिनं असली माणसं पाहिली होती, म्हणे. पेशंटच्या उशाशी बसून नको नको ते कबूल करतात, जमिनी देऊ करतात. काका, तुम्ही आलात यातच सगळं आलं, असं ती म्हणाली, आणि सरांना कळवून टाका की गाणं आहे तसंच छापा.

मच्छिंद्र बाजेपुढं उकिडवा बसला आणि त्यानं बुद्धघोषचा चांगला हात धरला. “घोष्या, तू सांग ह्येन्ला. गाणं तुझं हाय. नुसती मान हालीव.”

मान हलली. पण लकव्यापासून ती मान प्रत्येक प्रश्नाला हलायची. जेवला का, झोपला का, दुखतंय का. घरात कुणी ती मोजत नव्हतं. बुद्धघोषला ते कळत होतं. त्यानं मच्छिंद्रच्या मनगटाला नखं रुतवली. चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. “ब… ब…” आपल्या नावाचं पहिलं अक्षर त्यानं दहा वेळा उचललं आणि दहा वेळा ते खाली पडलं. शेवटी त्यानं डोळे मिटले, आणि पेटीवाचून, कुणी चाल न लावता, स्वतःच गाणं सुरू केलं. बोलायची त्याच्याकडं तेवढी एकच वाट होती. एकेक कडवं तो सावकाश, पाय चाचपत उतरावं तसं म्हणत गेला. शेवटच्या कडव्याशी आल्यावर थांबला. त्याला माहीत होतं तिथं कुठलं नाव हवं, आणि मच्छिंद्रला दिसत होतं की त्याला माहीत आहे. ओठ ‘ब’साठी मिटले.

‘मच्छिंद्र सांगे लेकरांनो,’ जीभ म्हणाली.

बुद्धघोषनं डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर मारलं. एकदा, दोनदा. श्रावस्तीनं धावत येऊन हात धरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर आणि गालावरून न मिटणाऱ्या अर्ध्या तोंडात जात होतं.

“बघा भावजी,” मुक्ताबाई म्हणाली, “तुमचं नाव आलं की कसं भरून येतंय ह्येन्ला.” आणि तिनं पदरानं नवऱ्याचं तोंड पुसलं.